दोरीवरून झाडावर चढून छाटणी करायची नोकरी, घ्यावी का?

सह्यभटक्या
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

वय २६, पुण्यात राहतो, बी.कॉम. झालंय, सध्या एका कुरियरच्या गोदामात शिफ्ट करतो. शनिवार-रविवार सह्याद्रीत. बेसिक माउंटेनियरिंगचा कोर्स केलाय आणि रॅपलिंगच्या इव्हेंटला दोर लावायला जातो. तिथेच ओळख झालेल्या एका दादांची झाडांची कामं करणारी छोटी कंपनी आहे, म्हणजे ते स्वतः, एक क्लायंबर, खाली तीन-चार पोरं, एक टेम्पो आणि फांद्यांचा भुगा करायचं मशीन. सोसायट्या, बंगले, शाळा असली कामं. त्यांना दुसरा क्लायंबर हवाय आणि ते मला ये म्हणतायत. सुरुवातीला २२ हजार, हात बसला की वाढवू म्हणाले.

मला काम आवडेल असं वाटतंय, पण चाळिशीनंतर शरीर साथ देतं का, विमा वगैरे काय असतो, आणि यात पुढे काही आहे का की नुसतंच लाकूडतोड्या होऊन बसायचं, हे कळत नाही. वडील म्हणाले झाडावरच चढायचं होतं तर बी.कॉम.ची फी कशाला भरली. आई काही बोलली नाही, ते जास्त अवघड आहे.

कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

झंपू
घरी सांग, उच्च पदावर नोकरी लागली. खोटंही नाही. (हलके घ्या.)

कडीपत्ता
झंपू =))
धागाकर्ते, लग्न झालंय का ते आधी सांगा, मग सल्ला देतो.

शेफील्डकर
मी हेच काम करतो, इंग्लंडात. मूळचा नाशिकचा, इकडे आलो होतो भलत्याच कोर्सला आणि एका सुट्टीत झाडवाल्यांकडे फांद्या ओढायला गेलो तो तिथेच राहिलो. आमची कंपनी पण मालक धरून चार माणसांची, त्यामुळे तुझा प्रश्न जवळचा वाटला. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बस.

चढणं हा या नोकरीतला लहान भाग आहे हे आधी डोक्यात घाल. सकाळी यार्डात जायचं, चेनला धार, पेट्रोल-ऑइल, ट्रकच्या मागे चिपर, म्हणजे फांद्यांचा भुगा करायचं मशीन, जोडायचा. साइटवर पोचलं की झाडाभोवती फिरून बघायचं. बुंध्याशी अळंबी उगवलीय का, मुळांकडची माती एका बाजूने उचललीय का, दोन फांद्यांच्या बेचक्यात साल आत दुमडली गेलीय का (तिथे जोड कच्चा असतो आणि वाऱ्यात तिथूनच फाटतं), तारा कुठून गेल्यात, खाली कोणाची काचेची शेड आहे. कोण काय करणार आणि जवळचं हॉस्पिटल कुठलं ते कागदावर लिहायचं. मग थ्रोलाइन, म्हणजे बारीक दोरीला पावशेर-साडेतीनशे ग्रॅमची वजनाची पिशवी बांधून हव्या त्या बेचक्यातून फेकायची. ती कधी दुसऱ्या फेकीत जाते, कधी अर्धा तास जात नाही आणि खालची पोरं दात काढतात. तिच्या मागून मुख्य दोर ओढायचा, दोघांनी मिळून लटकून फांदी पेलते का बघायचं, आणि मग कुठे पाय जमिनीवरून उचलायचा. संध्याकाळचा निम्मा वेळ पाला झाडण्यात जातो. नवीन माणूस आला की त्याला बरेच महिने जमिनीवरच ठेवतात, आणि ते बरोबर आहे, कारण खाली उभं राहून फांदी कशी वागते ते दिसतं, वर असताना दिसत नाही.

डोंगरातली एक सवय मात्र मोडावी लागेल. कातळावर तुम्ही अँकरच्या, म्हणजे दोर जिथे अडकवलाय त्या जागेच्या, वर चढता, घसरलात तर ताणला जाणारा दोर झेलतो. झाडात पडायचंच नसतं. दोर कमी ताणला जाणारा असतो, तो कायम डोक्याच्या वर अडकवलेला आणि ताठ हवा. ढिला सोडून अँकरच्या वर गेलास आणि पाय निसटला तर दोनच मीटर पडलास तरी सगळा झटका कमरेला.

आणि वरती चेनसॉ सुरू करायच्या आधी दोन ठिकाणी बांधलेलं पाहिजे, मुख्य दोर आणि लेनयार्ड (कमरेपासून खोडाभोवती घ्यायची आखूड दोरी), म्हणजे चुकून एक कापलं गेलं तरी दुसरं शिल्लक. खाली असा एक माणूस हवा जो चढून तुला उतरवू शकेल. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लटकत राहिला तर रक्त पायात साठतं, फायर ब्रिगेड येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. इथे कायदाच आहे की माणूस ज्यावर लटकतो ते सगळं सामान दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यायचं. तिकडे कोण तपासतं ते विचार.

सेक्रेटरी_बी_विंग
वरचा प्रतिसाद वाचून रडू आलं. आमच्या मुंबईच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी छाटणी झाली. कंपाउंडच्या आतलं झाड असलं तरी वॉर्डाच्या उद्यान खात्याची परवानगी लागते, ती मी रीतसर आणली, फोटो जोडले, फी भरली. तीन कोटेशनं आली, जनरल बॉडीने अर्थात सगळ्यात स्वस्त घेतलं. दोन पोरं आली, पायात चपला, कमरेला नायलॉनची दोरी जिचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं. दुपारपर्यंत आमच्या पर्जन्यवृक्षाचं टक्कल करून गेली. मेंबर खूश, उजेड आला म्हणून. आता त्या खुंटांवर झाडूसारखे धुमारे फुटलेत आणि परवाच्या वाऱ्यात त्यातला एक मोडून ए विंगच्या गाडीवर पडला. ए विंग आता माझ्याशी बोलत नाही, हा एक फायदा.

माझा प्रश्न, दोर-हेल्मेटवाले लोक तिप्पट पैसे का घेतात?

झंपू
सेक्रेटरी, दोरीचं दुसरं टोक जनरल बॉडीला बांधायचं.

रानजाई
वनस्पतीशास्त्र शिकवते म्हणून राहवत नाही.

सेक्रेटरी, तुमच्या झाडाला जे केलं त्याला टॉपिंग म्हणतात आणि जगभर हे वाईट काम समजलं जातं. झाड पानांवर जगतं, पानंच काढली की ते साठवलेलं सगळं वापरून घाईघाईने धुमारे काढतं. हे धुमारे आतल्या लाकडातून येत नाहीत, वरच्या थरातून येतात, त्यामुळे धरून बसायला काही नसतं. खाली खुंट कुजत जातो, वर धुमारे जड होत जातात. दोन-तीन वर्षांत आधीपेक्षा धोका जास्त, आणि छाटणीचा खर्च परत.

फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक सुजल्यासारखी कड असते, कॉलर. कट तिच्या जरा बाहेर घ्यायचा, खोडाला चिकटूनही नाही आणि हातभर खुंट ठेवूनही नाही. जड फांदी असेल तर आधी खालून एक चीर, मग थोडं पुढे वरून कापून वजन उतरवायचं, शेवटी कॉलरशी नीट कट. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल लांबवर सोलत नेते, हे तर रस्त्यारस्त्याला दिसतं.

झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. ॲलेक्स शिगो नावाच्या अमेरिकन संशोधकाने हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाड कुजका भाग आत कोंडून टाकतं, त्याच्याभोवती भिंती घालतं आणि बाहेरून नवीन लाकूड चढवतं. म्हणून कापल्यावर डांबर किंवा रंग फासण्याचा उपयोग नसतो, उलट ओल आत राहते. गेरू-चुन्याचे पट्टे रात्री गाडीवाल्याला दिसतात एवढाच त्यांचा गुण.

कुठे कापायचं नाही हे कळणारा माणूस महाग पडतो, सेक्रेटरीसाहेब.

अर्धवट_अभियंता
मूलभूत शंका. माणसाला चढवायचंच कशाला? बूम लिफ्ट भाड्याने मिळते, बास्केटमध्ये उभं राहा आणि कापा. एकविसाव्या शतकात माणूस दोरीला टांगणं म्हणजे मजूर स्वस्त आहे म्हणून चाललेला प्रकार वाटतो.

शेफील्डकर
@अर्धवट_अभियंता, जिथे लिफ्ट जाते तिथे आम्हीही लिफ्टच घेतो. पण बरीच झाडं घराच्या मागच्या अंगणात असतात आणि तिथे जायला तीन फुटांचं बोळ. पुण्यातल्या जुन्या बंगल्यांत वेगळं काय असणार. शिवाय बास्केट बाहेरून येते, झाडाच्या आतल्या भागात दोरावरचा माणूसच फिरू शकतो.

उलट काही झाडांवर चढायचंच नसतं. इकडे ॲश नावाचं झाड आहे, त्याला एक बुरशी लागलीय, ब्रिटनमध्ये २०१२ साली पहिल्यांदा सापडली आणि आता सगळीकडे आहे. रोगट ॲशचं लाकूड एवढं ठिसूळ होतं की दोर टाकलेली फांदी काही इशारा न देता तुटते. अशा झाडाला आमचा मालक लिफ्ट आली तरच हात लावतो, नाहीतर गिऱ्हाइकाला सरळ नाही सांगतो.

अर्धवट_अभियंता
ठीक, पटलं. पण मग मोठे ओंडके खाली कसे आणता? कौलांवर टाकता?

शेफील्डकर
दोरावर उतरवतो. यातलं गणित तुला आवडेल. ४० सेंटिमीटर जाडीचा, मीटरभर लांबीचा ओला ओंडका साधारण शंभर-सव्वाशे किलो भरतो. तो कापल्यावर मीटरभर खाली पडून दोराला हिसका देतो तेव्हा दोरावर आणि वरच्या पुलीवर येणारा जोर वजनाच्या कित्येक पट असतो. आणि पुली ज्या खोडाला बांधलीय त्याच खोडाला क्लायंबर चिकटलेला असतो. म्हणून खालचा माणूस बुंध्याशी लावलेल्या लोखंडी नळीभोवती दोराचे वेढे घेऊन तो घसरू देतो, एकदम अडवत नाही, हळूहळू थांबवतो. माझा जीव त्या खालच्याच्या हातात असतो. मला चांगला क्लायंबर आणि चांगला ग्राउंडमन यातला एकच निवडायला सांगितलं तर मी दुसरा घेईन.

टिवटिव
शेफील्ड म्हणजे तेच ना जिथे रस्त्यावरची झाडं तोडण्यावरून मोठं आंदोलन झालं होतं?

शेफील्डकर
तेच. रस्तेदुरुस्तीच्या करारात १७,५०० झाडं बदलायचा उल्लेख होता, त्यातली हजारो धडधाकट होती. म्हातारी माणसं पहाटे उठून झाडाखाली उभी राहायची, काहींना अटकही झाली. २०१८ मध्ये तोड थांबली, पुढे चौकशी बसली, २०२३ मध्ये सर मार्क लोकॉक यांचा अहवाल आला, महापालिकेने माफी मागितली. तेव्हापासून पिवळं जाकीट घालून रस्त्यावर उभं राहिलं की लोक आधी येऊन विचारतात, तोडताय की छाटताय. मला ते आवडतं खरं तर.

माडाखालचा
गुहागरकडून रामराम. सगळं वाचलं. आमच्याकडे माडावर चढणारा येतो तो हातात कोयता आणि पायाला दोरीचं कडं घेऊन. दहा मिनिटांत नारळ खाली आणि तो पुढच्या माडावर. तुमची ती थ्रोलाइन जायच्या आत आमची अर्धी वाडी उरकते. सुपारी काढणारे तर झाड हेलकावून शेंड्यावरूनच पुढच्या पोफळीला धरतात, खाली उतरतच नाहीत. दोर नाही, हेल्मेट नाही, प्रमाणपत्र नाही. तेव्हा फार कौतुक नको साहेबी पद्धतीचं.

रानजाई
माडाखालचा, कौशल्य आहेच, वाद नाही. पण तुमच्या गावात असे चढणारे आता किती उरलेत आणि त्यांच्या पोरांपैकी किती जण चढतात?

माडाखालचा
दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आमच्या वाडीत येणारा आता साठीला आलाय. त्याचा भाऊ पावसाळ्यात शेवाळलेल्या माडावरून पडला, तेव्हापासून अंथरुणात आहे, आणि कुणी एक रुपया दिला नाही, कारण तो कुणाचाच नोकर नव्हता. भावाचा पोरगा चिपळूणला मोबाइलच्या दुकानात. निसर्ग वादळ आलं ना, ३ जून २०२०, तेव्हा आमच्या रायगडच्या नातेवाइकांच्या वाड्या आडव्या झाल्या. अर्धवट उपटून दुसऱ्यावर रेललेले माड, मोडून लोंबणारे फणस, ते काढायला माणूस मिळेना. जे चढायचे त्यांनाही असल्या झाडावर चढायची भीती, आणि बरोबरच होतं त्यांचं. तेव्हा दोर-पुलीवाले कुणी असते तर बरं झालं असतं असं तेव्हा मीच म्हणालो होतो, हे बायकोने आत्ता आठवण करून दिलं.

केरळात चढायची मशिनं निघालीत, नारळ बोर्डाने २०११ पासून पोरापोरींना शिकवायला सुरुवात केली. इकडे एक मशीन आणलं होतं, गोठ्यात आहे.

रानजाई
त्यातच एक भर. माडाला पायऱ्या म्हणून खाचा पाडतात ना, त्या कधीच बुजत नाहीत. माड हा गवताच्या जवळचा, त्याच्या खोडाला दरवर्षी जाड होणारा थर नसतो. आंब्याला खिळा मारला तर तो वर्षांनी गिळून टाकतो, माडाची खाच जन्मभर तशीच राहते आणि त्यात पाणी साठून भुंगे येतात.

टिवटिव
अवांतर: हा सगळा प्रॉब्लेम परदेशी झाडांमुळे आहे. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, पेल्टोफोरम, सगळं बाहेरचं आणि सगळं पावसात पडतं. ती काढून वड-पिंपळ लावा, क्लायंबर लागणारच नाहीत.

कडीपत्ता
मिरची पण बाहेरची आहे, ती पण काढू या मिसळीतून.

रानजाई
टिवटिव, थोडं बरोबर, थोडं नाही. मादागास्करचा गुलमोहर ठिसूळ आहे हे खरं. मुंबईत पर्जन्यवृक्षांना पिठ्या ढेकूण लागून कितीतरी वाळले हेही खरं. पण फुटपाथला बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं, केबलसाठी खणताना एका बाजूची मुळं तोडली, तर देशी झाडही पडणारच. दिल्लीत हरित लवादाने २०१३ मध्ये सांगितलं होतं की झाडाभोवती मीटरभर जागा मोकळी सोडा. आपल्या गल्लीत जाऊन मोजून बघा. आणि वड सोसायटीच्या कंपाउंडला लावून दाखवाच, दहा वर्षांनी भिंत शोधावी लागेल.

टिवटिव
म्हणजे मी बोललो की लगेच...

संपादक_मंडळ
देशी-विदेशी वादासाठी आधीचा धागा उघडा आहे, तिथे तीनशे प्रतिसाद आहेत, अजून जागा आहे. इथे मूळ विषयावर या.

हाडवैद्य
मूळ विषयावर येतो. फिजिओ आहे. झाडवाला पेशंट एकच बघितलाय पण वॉल क्लायंबर भरपूर. खांदा, कोपर आणि मनगट, याच क्रमाने तक्रारी येतात. एका हाताने चेनसॉ धरून लांबून कापायची सवय लागली की खांदा गेलाच समज. मशीनच्या थरथरीने वर्षानुवर्षं बोटं बधिर होतात, थंडीत पांढरी पडतात, ते एकदा झालं की परत येत नाही, म्हणून सलग मशीन नको, मध्ये हाताची करवत वापर. हल्ली एकाच दोरावर पायाच्या आणि गुडघ्याच्या क्लॅम्पने चढतात, त्यात मांड्या काम करतात आणि हात वाचतात. चाळिशी पार होते, पण विशीत हातांनी खेचून चढायचा माज केला नाही तरच.

विमेवाला
पॉलिसी काढताना व्यवसाय खरा सांगायचा. 'सुपरवायझर' लिहून हप्ता वाचवणारे बघितलेत, मग क्लेम नाकारला की एजंटला शिव्या. उंचीवरचं काम म्हटलं की अपघात विम्याचा हप्ता जास्त बसतो, बसू दे. दुसरं, कामावर असताना अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची हे कायदा १९२३ पासून सांगतोय. पण मालकाने त्याचा विमा काढला नसेल तर छोट्या कंपनीत देणार कुठून? ईएसआय, म्हणजे सरकारची कर्मचारी विमा योजना, दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी लागते, तुमचे हे सहा-सात दिसतायत. तेव्हा कामगार विम्याची पॉलिसी आहे का आणि तिच्यात काम काय लिहिलंय ते डोळ्यांनी बघ. 'गार्डनिंग' लिहिलं असेल तर उपयोग शून्य.

कुंदामावशी
अरे सह्यभटक्या, आई बोलली नाही म्हणतोस, मी बोलते. माझा धाकटा असल्याच कामाला आहे, ठाण्याला. मी सुरुवातीला रोज देवापुढे बसायचे. मग एकदा डबा द्यायच्या निमित्ताने जाऊन पाहिलं. चार जण खाली माना वर करून उभे, कुणाच्या हातात मोबाइल नाही, वरून हाक आली की खालून हाक देतात आणि मगच फांदी सुटते. तेव्हा जरा जीव भांड्यात पडला. आईला एकदा घेऊन जा, पण आधी मालकाला सांगू नकोस, नाहीतर तेवढ्या दिवसापुरते सगळे शहाण्यासारखे वागतील.

बाकी कपड्यांचं म्हणशील तर वडा-उंबराचा चीक खोबरेल लावून चोळल्याशिवाय निघत नाही. दोराला मात्र तेल, रॉकेल काही लावायचं नाही म्हणतो तो, नुसतं कोमट पाणी आणि साधा साबण.

झंपू
मावशी, तुम्ही सेफ्टी ऑफिसर व्हा.

फांदीबहाद्दर
उशिरा पोचलो, सीझन चालू आहे त्यामुळे रात्रीच फोन हातात येतो. मी पुण्यातच हे काम करतो, कुठल्या कंपनीत ते सांगत नाही. शेफील्डकरांचं सगळं बरोबर आहे पण इकडचं थोडं वेगळं आहे ते सांगतो.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत मरायला फुरसत नसते, सगळ्या सोसायट्यांना पावसाच्या आधीच जाग येते. पाऊस सुरू झाला की पडलेल्या, लोंबकळणाऱ्या झाडांची कामं, कधी रात्री अपरात्री. दिवाळी ते जानेवारी थंड. महिना पगार ठरलाय ना ते पक्कं करून घे, रोजावर असशील तर हिवाळ्यात घरी बसशील.

पुस्तकात नसलेल्या गोष्टी म्हणजे आग्या मोहोळ. उंच झाडावर, जाड फांदीच्या खालच्या बाजूला असतं, खालून पानांत दिसत नाही, आणि तू दोरावर आहेस, पळणार कुठे? म्हणून आधी दुर्बिणीने झाड बघतो. दिसलं तर काम पुढे ढकलायचं, गिऱ्हाईक कितीही भांडू दे. आंब्यावर ओंबील, म्हणजे लाल मुंग्या असतात, पानं शिवून घरटी केलेली, त्या मानेवरून आत शिरतात तेव्हा हात रिकामा नसतो. दिवाळीनंतर खाजकुयलीचा वेल चढलेला असला तर कूस उडते, दिवसभर माणूस नाचतो. आणि तारा. महावितरणची लाइन दिसते तरी, पण केबलवाल्याने, शेजाऱ्याने, लग्नाच्या माळावाल्याने झाडात काय काय गुंडाळून ठेवलंय आणि कुठल्यात करंट आहे ते कुणालाच माहीत नसतं. लाइनच्या जवळचं झाड असेल तर सप्लाय बंद करून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, 'दहा मिनिटांचं तर काम आहे' म्हणणाऱ्याला स्वतः चढायला सांगायचं.

पावसात घरटी असतात. बगळे, रातबगळे मोठ्या पर्जन्यवृक्षांवर वसाहतच करतात. अंडी-पिल्लं असताना फांदी उतरवली तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सापडू शकतो, आणि कायदा सोडा, पिल्लं खाली पडलेली बघवत नाहीत. लोकांना त्यांची घाण नको असते म्हणून मुद्दाम त्याच वेळी बोलावतात. तसंच परवानगीचं. १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी पाहिजे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांच्या वरचं झाड हेरिटेज धरतात. परवानगी दोन फांद्यांची असते आणि सोसायटी वर चढल्यावर खालून ओरडते 'ती पण घ्या, ती पण घ्या'. पोलिसात नाव कापणाऱ्याचं जातं, ओरडणाऱ्याचं नाही.

आता तुझा प्रश्न. २२ हजार सुरुवातीला वाईट नाही. जम बसला की वाढतात, पण मोठे पैसे चढण्यात नाहीत, झाड बघून लेखी रिपोर्ट देण्यात आहेत, कुठलं ठेवायचं, कुठलं हलकं करायचं, कुठलं काढायचं. तिकडे जायचं तर दोन-चार वर्षं चढून घे आणि बाजूने झाडांचा अभ्यास कर. आंतरराष्ट्रीय आर्बोरिकल्चर सोसायटीची परीक्षा आहे, तिला तीन वर्षांचा अनुभव किंवा त्या विषयातलं शिक्षण लागतं. बी.कॉम. वाया जात नाही, कोटेशन आणि जीएसटी कुणीतरी करायला लागतंच, आमच्याकडे ते कुणालाच येत नाही.

मालकाला एकच विचार, गेल्या वर्षभरात कुठली कामं नाकारली? लगेच दोन-तीन आठवली आणि का ते सांगता आलं तर जा. 'आपण कुठलंच काम सोडत नाही' असं छातीवर हात मारून म्हणाला तर कुरियर बरं.

अर्धवट_अभियंता
फांदीबहाद्दर यांचा प्रतिसाद कुणीतरी धाग्याच्या वर डकवा.

सेक्रेटरी_बी_विंग
+१. आणि 'ती पण घ्या' ओरडणाऱ्यात आमचा खजिनदार होता.

शेफील्डकर
अनुमोदन. नाकारायचा मुद्दा मला सुचायला हवा होता, आमचा मालक तर त्याच्यामुळेच अजून धंद्यात आहे. एक विचारतो, तुमच्याकडे काढायचं नसलेल्या झाडावर काटेरी स्पाइक घालून चढतात का अजून?

फांदीबहाद्दर
चढतात की. पटापट होतं म्हणून. प्रत्येक पावलाला सालीत भोक, पुढे तिथूनच कूज. आम्ही स्पाइक फक्त पूर्ण उतरवायच्या झाडाला वापरतो. पण दोरांचं म्हणाल तर झाडासाठीचा खास दोर बाहेरून मागवावा लागतो, परवडत नाही म्हणून बरेच जण रेस्क्यूचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणला जाणारा दोर, वापरतात, तो तरी माहितीतला आणि तारीख लिहिलेला पाहिजे. बाजारातला ट्रक बांधायचा दोर बघितला की तिथूनच परत यायचं.

सह्यभटक्या
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

अपडेट देतो. परवा सुट्टी टाकून दादांच्या साइटवर गेलो, एरंडवण्यात एका बंगल्याच्या मागे जांभूळ होतं, वाळलेल्या फांद्या काढायच्या होत्या. मला दिवसभर खालीच ठेवलं. फांद्या ओढल्या, मशीनमध्ये घातल्या, दोर धरला. वर जायला मिळालं नाही म्हणून जरा हिरमोड झाला पण शेफील्डकरांचं वाचलेलं असल्यामुळे गप्प बसलो.

चहाला विचारलं, कामं कुठली नाकारली. त्यांनी एक मोठ्या शाळेचं सांगितलं, सगळे अशोक एका उंचीवर कापून मागत होते म्हणून सोडलं, आणि नदीकाठचं एक पोकळ उंबर. तिसऱ्याला म्हणाले ते नाकारायला हवं होतं पण महिना थंड होता. हे खरं बोलले म्हणून बरं वाटलं की काळजी वाटली ते अजून ठरत नाहीये. विमा आहे पण कागद बघायला मागितला तर म्हणाले अकाउंटंटकडे आहे. सुटका करू शकणारा दुसरा क्लायंबर आहे, पण तो त्या दिवशी गावाला गेला होता आणि दादा वर होते.

विमेवाला
कागद हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नकोस.

फांदीबहाद्दर
विम्याचं ते म्हणतायत ते बरोबर. दुसरा माणूस नसताना चढले हे मला जास्त खटकतंय. त्यांना सरळ सांग की मला आधी वरून उतरवायचं शिकवा, कापायचं नंतर. जमिनीपासून दहा-बारा फुटांवरच सराव करायचा, पोतं लटकवून, मग माणूस. हो म्हणाले तर त्यांनाही तुझा फायदा आहे, कारण मग दुसरा गावाला गेला तरी खाली तू आहेस.

कुंदामावशी
आणि आईला नेलंस का?

सह्यभटक्या
मावशी, पुढच्या शनिवारी नेतोय. तिने स्वतःच विचारलं कुठे आहे ते. वडिलांना जीएसटीचं वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पेपर खाली ठेवला. फांदीबहाद्दर, पोत्याचं आजच विचारतो.

माडाखालचा
ठरलं की कळव रे. आमच्या घराच्या कौलांवर एक फणस वाकलाय, वीस वर्षांपासून सगळे म्हणतायत काढा आणि मी म्हणतोय गरे चांगले आहेत. काढायचा नाही, नुसता हलका करायचाय. जेवणखाण आमच्याकडे, शाकाहारी असाल तर आधी सांगा.

झंपू
माडाखालचा, दोरवाल्यांना बोलावताय? बायकोने लॉगिन केलंय का?